हेडबाईंचा कप

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात पाच माणसं राहतात आणि त्यातलं कोणीच कोणाच्या नात्याचं नाही. हे सांगितलं की आमचे नातेवाईक डोळे बारीक करतात. "आश्रम आहे का?" नाही. "मग वसतिगृह?" तेही नाही. मग ते आवाज खाली आणून तिसरंच काहीतरी विचारतात, आणि मी त्यांना चहा घेणार का म्हणून विचारतो. खरं उत्तर त्यांच्या शंकेहून चमत्कारिक आहे. त्या घरात पाचही जणांचा होकार असल्याशिवाय काही होत नाही.

चौघं हो म्हणाले आणि एक नाही म्हणाला, तर नाही. बारा वर्षं हे चाललंय. पुढच्या खोलीतल्या एका भिंतीला रंग लागायला त्यांना चार वर्षं लागली. तोवर नुसत्या गिलाव्याकडे बघायची सगळ्यांना इतकी सवय झाली, की शेवटी गिलाव्याच्याच रंगाचा रंग एकमताने पसंत पडला. मी पोट धरून हसलो होतो. ताई म्हणाली, "हस. पण त्या भिंतीकडे बघून आमच्यात कोणी चिडत नाही. तुझ्या दिवाणखान्याच्या रंगावरून तुझी बायको अजून चिडते." ते खरं होतं. मी हसायचं थांबवलं.

ही पद्धत हेडबाईंची. तीस वर्षं त्या एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्तीच्या दिवशी म्हणे त्यांनी घरी येऊन जाहीर केलं, की आता आयुष्यात पुन्हा कोणाला हुकूम सोडणार नाही. हे त्यांनी ज्या आवाजात जाहीर केलं, त्याला घाबरून त्यांच्याच शाळेतले भूगोलाचे सर ताबडतोब त्यांच्याकडे राहायला आले. त्यांना सगळे भूगोल म्हणतात. मग एक सुतार आला, मग रुग्णालयात काम करणारी नर्स आली, आणि मेहुणे गेल्यावर शिलाईचं यंत्र घेऊन आमची ताई.

रांधणं, धुणं, झाडणं यांच्या पाळ्या बांधलेल्या. त्यापलीकडे जे काही असेल, नवी वस्तू, कोणाच्या पाळीतला बदल, सात रात्रींहून जास्त राहणारा पाहुणा, तो 'घराचा प्रश्न'. ज्याचा प्रश्न असेल त्याने तो रविवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मांडायचा. एका रविवारी एकदाच; फेटाळला तर पुढच्या रविवारी पुन्हा. त्यानंतर मत होईपर्यंत कोणी त्यावर अवाक्षर काढायचं नाही. गळ घालणं, रुसणं, खिडकीबाहेर बघून सुस्कारे सोडणं, सगळं मना. स्वयंपाकघरात सुताराने केलेल्या फळीवर पाच कप असतात, ज्याचा त्याचा. सोमवारी सकाळी आठला सगळे फळीसमोर येतात. कप सुलटा असला तर हो, पालथा असला तर नाही. तोंडी होकाराला किंमत नाही. "तोंडाने बायका कशालाही हो म्हणतात," असं हेडबाई म्हणाल्या होत्या. आणि दुसऱ्याच्या कपाला कोणी हात लावायचा नाही. हे सगळे नियम बदलायचे तरी पाच सुलटे कप लागतात. पाहुण्याला ग्लास.

तर त्या ग्लासातून चहा प्यायला मी एका बुधवारी तिथे पोचलो, कारण ताईचा फोन आला होता. "डोळ्याचं जरा झालंय. यायचं तर ये." आमच्या ताईच्या भाषेत 'जरा' म्हणजे घराला आग लागलेली असते.

तिचा डावा डोळा लहानपणापासूनच नावापुरता. आता उजव्या डोळ्याच्या आतला पडदा एका कडेने सुटायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तीन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी, त्यानंतर करून उपयोग नाही. पुढच्या बुधवारची तारीख दिलेली होती.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

ती मला चहा ओतत होती. ग्लासाच्या काठावर बोट आत धरलं होतं. चहा बोटाला लागला तेव्हा तिने किटली थांबवली. "दोन रविवार झाले," ती म्हणाली. "चार कप सुलटे. एक पालथा."

"ताई, डोळा तुझा आहे."

"डोळा माझा. पण नंतर पंधरा दिवस पालथं पडून राहायचंय, मान वर करायची नाही. मला भरवणार कोण, नेणार-आणणार कोण? चौघांच्या पाळ्या बदलतात. म्हणजे घराचा प्रश्न झाला."

"माझ्याकडे चल. सूनबाई करेल सगळं."

"सूनबाईला विचारलंस?"

मी ग्लास तोंडाला लावला.

रात्रीच्या जेवणाआधी मी बाकीच्यांना गाठलं. एवढी माणसं एका बाईचा डोळा जाऊ देतायत, तेव्हा निदान एकतरी खलनायक सापडेल अशी माझी खात्री होती. भूगोल म्हणाले, "तत्त्वतः माझा पहिल्यापासून होकार आहे. मीठ तुमच्या नैर्ऋत्येला आहे." नर्स म्हणाली, "काका, मी रजा टाकून ठेवलीय." सुतार मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. तिथे त्याने एक लाकडी चौकट केली होती. पालथं झोपल्यावर कपाळ आणि हनुवटी टेकायला गोल कड, तिच्यावर जुन्या चादरीची मऊ गुंडाळी, आणि खाली पुस्तक ठेवायला छोटी फळी.

"मंजुरी नसताना केलीत?" मी विचारलं.

"करायला मंजुरी लागत नाही, साहेब. वापरायला लागते." त्याने कडेवरून अंगठा फिरवला. "कुसळ राहायला नको म्हणून तीनदा घासलीय."

खलनायक काही सापडेना. उरल्या हेडबाई. त्या जेवायला आल्या, मला नमस्कार केला, माझी चौकशी केली, पाच मिनिटांनी पुन्हा नमस्कार केला आणि पुन्हा तीच चौकशी केली. मी दुसऱ्यांदाही बँकेत होतो असं सांगितलं. त्या दुसऱ्यांदाही म्हणाल्या, "वा, जबाबदारीचं काम."

सात-आठ महिन्यांपासून असं आहे, नर्सने नंतर सांगितलं. आणि तितकेच महिने त्या घरात एकही प्रश्न मंजूर झालेला नव्हता. मग माझ्या लक्षात यायला लागलं. न्हाणीघरातला नळ ठिबकत होता. भिंतीवरची दिनदर्शिका मागच्या वर्षीची होती आणि भूगोल रोज मनातल्या मनात वार दुरुस्त करून घेत होते. जिन्यावरचा दिवा गेला होता, त्यामुळे ताई तर जिना चाचपडत चढायचीच, पण आता सगळेच तसे चढत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला लवकर जाग आली. सहा वाजले असतील, उजाडलं होतं. स्वयंपाकघरात हेडबाई एकट्याच उभ्या राहून चहा पीत होत्या. चहा संपला. कप विसळला. आतून, बाहेरून, मग बूड. पाणी निथळावं म्हणून तो फळीवर पालथा घातला, कान डावीकडे करून, कारण त्या डावखुऱ्या. पदराला हात पुसले आणि समाधानाने बागेत निघून गेल्या.

चौतीस वर्षं मी बँकेत सह्या तपासल्या. चेकवरची सही खरी की खोटी, हे सांगणं माझं काम. साहेब लोक मला भिंगवाले म्हणत. एवढ्या वर्षांत इतका मोठा शोध मला कधी लागला नव्हता. आठ वाजता मी टेबलाशी उभा राहून जाहीर केलं, "त्या नाही म्हणतच नाहीयेत! त्या कप धुऊन ठेवतायत!"

कोणी मान वर केली नाही. भूगोलांनी पावाला लोणी लावणं चालू ठेवलं.

"आम्हाला माहीत आहे, साहेब," सुतार म्हणाला.

सगळ्यांना माहीत होतं. नर्सने तर एकदा हेडबाईंच्या हाताशी चहासाठी दुसराच कप ठेवला होता. त्यांनी त्यातून चहा घेतला, तो धुतला, पालथा घातला. मग फळीवरचा स्वतःचा कप सुलटा दिसला, तेव्हा "धूळ बसेल" म्हणून तोही पालथा घातला. फळीच काढून टाकावी, तर तो घराचा प्रश्न. मत हात वर करून घ्यावं, तरी घराचा प्रश्न. हेडबाईंचं मत मोजू नये, हा तर सर्वांत मोठा घराचा प्रश्न, आणि त्याला हेडबाईंचा सुलटा कप हवा.

"नियम करताना एवढं कोणाच्या डोक्यात आलं नाही?" मी विचारलं.

"तेव्हा आमच्यात सर्वांत तल्लख त्याच होत्या," भूगोल म्हणाले. "प्रत्येक पळवाट त्यांनी स्वतः बुजवली. फार सुरेख काम होतं हो."

दुपारी ताई यंत्राशी बसली होती. कापडाची कड ती बघत नव्हती, नखाने शोधत होती. मी खुर्ची ओढून समोर बसलो.

"ताई, बुधवारी टॅक्सी बोलावतो. तू बस. झालं."

"नको."

"हे लोक काही पोलिसात जाणार नाहीत. ते तर सुटल्यासारखे होतील."

"होतील ना. कोणीतरी मोडावं याचीच वाट बघतायत बिचारे." तिने चाक हाताने थांबवलं. "धाकट्या, तुला चित्रशाळेचं आठवतं?"

मला आठवत होतं. ती एकोणीसची होती आणि दूरच्या गावच्या चित्रशाळेतून तिला प्रवेशाचं पत्र आलं होतं. मी अकरा वर्षांचा. जेवता जेवता बाबांनी मला विचारलं, "काय हो साहेब, पाठवायचं का हिला?" गंमत म्हणून विचारलं असेल. माझ्या वहीतली चित्रं तीच काढून द्यायची. मी म्हणालो, नको. बाबा हसले. "झालं, ठरलं मग. हिला काय कळतंय." ती ताटं घेऊन दारातच उभी होती.

"मी लहान होतो गं."

"मी तुला कुठे बोलतेय? पण बघ, प्रश्न माझा आणि विचारलं तुला. मग लग्न झालं, तिथे सासऱ्यांना विचारायचे. मग ह्यांना. पन्नाशी उलटल्यावर या घरात पहिल्या रविवारी हेडबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, बाई, आपल्याला चहाची वेळ बदलायची आहे, तुमचं मत काय? मला मत काय असतं तेच सुचेना. रात्रभर जागी राहिले. सकाळी कप पालथा घातला. उगीच. घालून बघावा म्हणून." ती हसली. "कोणी एक शब्द बोललं नाही. चहा त्याच वेळेला राहिला. अजून आहे."

"पण आता त्यांना कळत नाही, ताई."

"हेच," ती म्हणाली. "हेच वाक्य."

मी खाली पडलेली एक चिंधी उचलली. ती म्हणाली, "तिला काय कळतंय म्हणून आज मी त्यांचा कप बाजूला सारला, तर उद्या भूगोलांचा सारायला किती वेळ? आणि मग माझा? आंधळ्या बाईला काय दिसतंय म्हणून?"

मला यावर उत्तर द्यायचं होतं. अजूनही द्यायचं आहे. सुचलं की कळवीन.

रविवारी संध्याकाळी ताईने प्रश्न मांडला. सूप निवत होतं. "बुधवारी माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया. पंधरा दिवस पाळ्या बदलतील. तिसऱ्यांदा विचारतेय."

"अगो बाई!" हेडबाईंनी चमचा खाली ठेवला. "डोळ्याचं काय झालं तुमच्या? मला कोणी सांगितलं कसं नाही? तिसऱ्यांदा म्हणजे? आधी दोनदा कोण नाही म्हणालं?"

टेबलावर कोणी कोणाकडे बघेना. नर्स उठून पाणी आणायला गेली. पाण्याचा जग टेबलावरच होता.

"असा कोण दगड आहे इथे?" हेडबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या. सुताराकडे त्यांची नजर जरा जास्तच वेळ थांबली. सुताराने निमूटपणे मान खाली घातली आणि ते दगडपण स्वतःकडे घेतलं. "जाऊन या हो तुम्ही," त्या ताईचा हात धरून म्हणाल्या. "मी आहे." त्यांना मनापासून तसं म्हणायचं होतं. पण तोंडी होकाराला किंमत नाही, हा नियम कोणाचा ते मी वर सांगितलंच आहे.

सोमवारी मी सहाच्या आधीच स्वयंपाकघरात जाऊन बसलो. हेडबाई आल्या. मला नमस्कार केला. माझी चौकशी केली; मी बँकेत होतो असं सांगितलं. चहा झाला. कप विसळला, आतून, बाहेरून, मग बूड. मी म्हणालो, "हेडबाई, तो कप आज तसाच ठेवता? सुलटा?"

"खरकटा?" त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. अशा नजरेने तीस वर्षांत किती मुलींची बोबडी वळली असेल कोण जाणे. "बँकेत असं चालत असेल." कप पालथा घालून त्या बागेत गेल्या.

फळीवर चार कप सुलटे आणि पाचवा पालथा. घरात कोणी उठलेलं नव्हतं. नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. मी खुर्चीवरून उठलो, फळीपाशी गेलो आणि हेडबाईंचा कप सुलटा केला.

एवढं सोपं होतं ते. आयुष्यभर लोकांच्या खोट्या सह्या पकडून मी त्यांच्या नोकऱ्या घालवल्या, आणि हे मला एका हाताने जमलं. मी परत येऊन बसलो आणि कालचं वर्तमानपत्र वाचायला लागलो.

आठ वाजता सगळे आले. आधी सुताराने पाहिलं. तो इतका स्तब्ध उभा राहिला, की मागून येणारे भूगोल त्याच्यावर आदळले. भूगोलांनी चष्मा पुसून पाहिला आणि खोकले. नर्सने तोंडावर हात घेतला. हेडबाईंच्या कपाचा कान उजवीकडे होता. बारा वर्षांत तो कधी उजवीकडे नव्हता, आणि हे दिसत नव्हतं असं तिघांत कोणी नव्हतं. नर्सने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. दुसऱ्याच्या कपाबद्दल बोलायचं नसतं. सुतार, मला वाटतं, मनात चौकट उचलून खोलीत नेऊन ठेवतही होता.

ताई शेवटी आली. एक हात भिंतीला लावून. फळीशी थांबली आणि बोटांनी कप मोजायला लागली. सुताराचा मोठा मग, सुलटा. भूगोलांचा, सुलटा. नर्सचा, सुलटा. स्वतःचा, सुलटा. मग पाचवा. बोटं काठावर थांबली. काठ वर होता. तिचा चेहरा असा काही उजळला की मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. एकोणीस वर्षांची असताना पत्र आलं त्या दिवशी हा चेहरा मी पाहिला होता.

मग तिने बोट कपाच्या आत घातलं. तळाशी पाणी होतं. धुतलेला कप निथळायच्या आत सुलटा केला की राहतं तेवढं, चमचाभर. तिने दुसऱ्या हाताने कान शोधला. डावीकडे नव्हता. उजवीकडे सापडला.

तिने मान माझ्या खुर्चीकडे वळवली. बोट पाण्यात.

"धाकट्या."

"काय?"

"बँकेत किती वर्षं काढलीस रे?"

"चौतीस."

"आणि एवढंच शिकलास?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. नर्स रडत रडत म्हणाली, "ताई, राहू दे ना. आम्ही काही पाहिलं नाही." भूगोल म्हणाले, "तत्त्वतः..." आणि पुन्हा चष्मा पुसायला लागले. सुताराने दोन्ही हात जोडले होते, आणि ते तिला दिसत नव्हते.

ताईने कप उचलला. पाणी मोरीत ओतलं. पदराने आतून पुसला आणि फळीवर पालथा ठेवला, कान डावीकडे करून.

तेवढ्यात बागेतून हेडबाई आल्या. हातात तोडलेली कोथिंबीर होती. "काय, सगळे असे उभे का?" त्यांनी फळीकडे पाहिलं, कप नीट पालथा आहे ना याची खात्री करून घेतली आणि ताईला म्हणाल्या, "बाई, तुमचा डोळा लाल दिसतोय. डॉक्टरांना दाखवून या हो. अंगावर काढू नका."

"दाखवते," ताई म्हणाली.

बुधवारी सकाळी सात रात्री भरल्या. मी आणखी राहू का, हाही घराचा प्रश्न, आणि तो विचारण्यात अर्थ नव्हता. बॅग भरून मी ताईच्या खोलीत गेलो. तिने शिलाईचं सगळं सामान पलंगावर मांडलं होतं. सुयांचं पाकीट आणि दोऱ्याची रिळं ओळीने.

"गाडीला वेळ आहे ना? ओवून दे जरा."

"कोणती?"

"सगळ्या. डावीकडून पांढरा, मग काळा, मग निळा. हिरवा शेवटी. दोरा वीतभर लांब ठेव आणि एकाच ओळीत टोच, म्हणजे मला मोजता येतील."

मी चष्मा लावला. पहिल्या सुईच्या नेढ्यात दोरा जाईना. ओला केला, टोक कातरलं, पुन्हा धरलं. मागच्या शेडमधून लाकूड घासल्याचा आवाज येत होता.

"घाई नको करू," ताई म्हणाली. "पाकिटात चाळीस आहेत."